उमरेडच्या स्टँडवरचं अभिनंदन

आमच्याकडे कोणाचं काही बरं झालं की फ्लेक्स लागतो. दहावी, वाढदिवस, पक्षप्रवेश, काहीही चालतं. मला सिंगापूरला एका आंतरराष्ट्रीय लॉ फर्ममध्ये नोकरी लागली. नागपुरात सक्करदऱ्याच्या खोलीत मी सामान बांधत होते, तेव्हा बाबा उमरेडच्या एसटी स्टँडसमोर बांबू रोवत होते. मला कोणी विचारलं नाही. ज्याचं अभिनंदन असतं त्याला विचारायची आमच्याकडे पद्धतच नाही.

फ्लेक्सवर मधोमध मी, काळ्या कोटात. शेजारी फर्मचं नाव आणि इंटरनेटवरून उचललेला लोगो. माझ्या दुप्पट मोठे प्रीतमभाऊ, कारण ते नगरपालिकेला उभे राहणार होते. खाली हात जोडलेल्या शुभेच्छुकांची रांग, तिच्या टोकाला बाबा. चुलतभाऊ ऋषिकेशने या सगळ्याचा फोटो काढला आणि थेट फर्मला टॅग करून फेसबुकवर टाकला. हुशार पोरगा!

फर्मचा मेल आला. भाषा एकदम गोड. आमचं नाव राजकीय जाहिरातीत दिसत आहे, ते काढल्याचा फोटो मिळेपर्यंत तुमचं रुजू होणं थांबवत आहोत. त्यांचं काही चुकलं नव्हतं. वकिलाने स्वतःची जाहिरात करू नये, हा नियम आपल्याकडेही आहे आणि मी तो पाठ करून परीक्षा दिली होती. मी उमरेडची बस पकडली आणि घरी पोहोचताच फ्लेक्स उतरवा म्हटलं.

"काहून वं? खोटं लिवलं का त्यात?" बाबांनी विचारलं.

"खोटं नाही बाबा. पण वकिलाची जाहिरात चालत नाही, नियम हाय. उतरवला नाही तं नोकरी हातची जाईन."

बाबांनी पायात चप्पल सरकवली आणि मला घेऊन प्रीतमभाऊंकडे गेले. भाऊंनी चहा पाजला, पण ऐकेनात.

"रुपराव, इलेक्शन तोंडावर हाय. माहा फोटो उतरवला तं लोकं म्हणतीन, भाऊ संपला. पोरीचं तेवढं काढून टाका."

मी वकील, पण वाटाघाटीत भाऊ सरस निघाले.

बाबांनी शिडी लावली, विळ्याने मला आणि फर्मला कापून काढलं. माझा चेहरा मात्र त्यांनी न चिरता कडेकडेने कापला. मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. फोटो पाठवला. ठरल्याप्रमाणे रुजू व्हा, असं उत्तर आलं.

बाबा मला बसपर्यंत सोडायला आले. वर 'हार्दिक अभिनंदन', खाली हसरे शुभेच्छुक आणि मधल्या भगदाडातून मागच्या हॉटेलचे पत्रे दिसत होते. मी बसमध्ये चढले. तेवढ्यात बाबांच्या ओळखीचे मारोतराव तिथे थांबले.

"कोणाचं अभिनंदन हाय गा हे, रुपराव?"

ज्या माणसाला सगळ्या गावाला सांगायचं होतं, तो खाली मान घालून म्हणाला, "सांगता येत नाही. नियम हाय."

मला ते सहन झालं नाही. मी खिडकीतून डोकं काढून ओरडले, "माहं हाय, काका! मी वकील झाली, सिंगापूरले चालली!"

स्टँडवरचे लोक वळून बघायला लागले. बाबा घाबरून खिडकीपाशी धावले.

"हळू बोल वं," ते म्हणाले, "ते सिंगापूरचे लोकं आयकतीन."