पाच अंश कमी

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. अठ्ठावीस वर्षं मी इथे प्लॉव्हदिव्ह शहरात पोरांचे आखडलेले हातपाय ताणते आहे, मोजते आहे आणि त्यांच्या आयांना फैलावर घेते आहे. कोणी पट्टी बांधत नाही, कोणी व्यायाम चुकवतं. मी सोडत नाही. झिव्काला मात्र मी कधी बोलले नव्हते. बोलायला तिने जागाच ठेवली नव्हती.

ती रोदोपीच्या डोंगरातून यायची, तीन तासांच्या बसने. नवरा जर्मनीत ट्रक चालवतो. मुलगी तेमेनुगा दहा वर्षांची, जन्मापासून पायांचे स्नायू ताठ. अशा पोरांचं हाड वाढतं आणि मांडीमागचा स्नायू मागे पडतो. वाढत्या पोराची पँट आखूड व्हावी तसाच तो आखूड होतो, मग गुडघा सरळ होत नाही. एक ऑपरेशन पाचव्या वर्षी झालं होतं. ते दुसऱ्यांदा करता येत नाही. झिव्का रोज सकाळ-संध्याकाळ पाऊण-पाऊण तास तो पाय ताणायची, पोर रडली तरी, आणि झोपताना पट्टी बांधायची. म्हणून तेमेनुगा अजून वॉकर धरून चालत होती. पण आता तिची उंची झपाट्याने वाढायला लागली होती आणि आईचे हात कमी पडत होते.

डिसेंबरमध्ये आमच्या डॉक्टर ग्युरोव यांनी याच स्नायूवरच्या नव्या ऑपरेशनचं संशोधन सुरू केलं. ते ऑपरेशन फक्त संशोधनात घेतलेल्या मुलांचं होणार होतं. नियम असा, की जोर लावून सरळ केल्यावरही गुडघा वीस अंश किंवा त्याहून जास्त वाकडा राहिला पाहिजे. मोजायचं काम माझं. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब पाती लावावीत, तसं आमचं हत्यार असतं.

"पंधरा," तेमेनुगाचा गुडघा मोजून मी म्हणाले.

"परत मोजा ना, ताई."

परत पंधराच आले. झिव्काने मला व्हरांड्यात गाठलं. हातात भाजलेल्या मिरच्यांची बरणी होती; दर खेपेला आणायचीच, तशी.

"वीस लिहा ना. पाच अंश म्हणजे काय हो, डोळ्यांना दिसतही नाहीत. पुढच्या वर्षी ती माझ्याएवढी होईल. तिला उचलून जिना कशी चढू मी? एकदा खुर्चीत बसली की ती उठायची नाही, हे तुम्हीच सांगता."

"मी आकडे बदलत नाही, झिव्का."

"मग मी काय करू?"

बाहेर अजून अकरा मुलं ताटकळत होती. मी हसून म्हणाले, "चूक तुझीच आहे, बाई. इतका छान पाय ठेवलास पोरीचा. जरा आळशी असतीस तर आज नंबर लागला असता."

बाकावरच्या दोघी बाया हसल्या. मी ते कौतुक म्हणून बोलले होते, शपथेवर सांगते. झिव्का हसली नाही. तिने बरणी माझ्या हातात दिली आणि गेली.

पुढची मोजणी मार्चच्या पहिल्या आठवड्यात होती. सगळ्यांच्या मनगटांना मार्तेनित्सा, म्हणजे मार्च लागला की आम्ही बांधतो ते लाल-पांढरे दोरे, बांधलेले, तेमेनुगाच्या तर दोन्ही हातांना. ती व्हीलचेअरमध्ये आली. मला वाटलं, बसमुळे दमली असेल. गालांवर बाळसं आलं होतं, बडबड चालली होती.

"पावलिनाताई, मला पत्ते येतात आता. मी आईला रोज हरवते. रोज संध्याकाळी."

मी तिला टेबलावर घेतलं, मांडी दाबून धरली आणि टाच उचलली. गुडघा मध्येच अडला. मी जोर लावला, तशी ती किंचाळली. सत्तावीस. मी पुन्हा मोजलं. सत्तावीस.

पट्टीचा वळ नेहमी तिच्या घोट्याच्या वर असायचा, पाच वर्षं तो मी पाहत होते. आता तिथली कातडी गुळगुळीत होती.

"किती दिवस?" मी झिव्काला हळूच विचारलं.

"तुम्ही सांगितलंत त्या दिवसापासून."

"मी सांगितलं?"

"ताई, आता ओरडू नका. लिहा. या खेपेला खरंच सत्तावीस आहेत ना?"

खरेच होते. डॉक्टरांना जाऊन सांगितलं असतं की हा पाय मुद्दाम आखडू दिला आहे, तर पोरीचं नाव तिथल्या तिथे कटलं असतं आणि आखडलेला पाय तेवढा उरला असता. मी सत्तावीस लिहिलं. स्वतःचीच लाज वाटत होती, आणि तरी मनात म्हणत होते, होऊ दे, ऑपरेशन तरी होऊ दे.

डॉक्टर ग्युरोव भला माणूस आहे, पण सगळ्यांना सगळं माहीत असतं असं त्यांना वाटतं. त्यांनी कागद पुढे केले आणि समजावलं, की निम्म्या मुलांचं ऑपरेशन होणार, निम्म्यांना वर्षभर नुसते व्यायाम; मग दोन्हींची तुलना. कोण कुठे जाणार ते बंद पाकिटात आहे, ते त्यांच्याही हातात नाही.

झिव्काने माझ्याकडे पाहिलं. "निम्म्या?"

मला हे माहीत होतं. दवाखान्यात झाडूवालीलाही माहीत होतं. पण हे नंबर लागलेल्यांनाच सांगायची पद्धत, आणि डिसेंबरमध्ये तिचा नंबर लागला नव्हता. मला सुचलंही नव्हतं. मिरच्या मात्र मी घरी नेऊन खाल्ल्या होत्या.

"आणि सही नाही केली तर?" तिने विचारलं.

"तर काहीच नाही," डॉक्टर म्हणाले. "नेहमीसारखंच."

तिने सही केली. डॉक्टरांनी पाकीट फोडलं, कागद उलगडला आणि वाचला.

"व्यायाम," ते म्हणाले. तिचा चेहरा पाहून त्यांनी धीर द्यायला पुढे जोडलं, "वाईट वाटून घेऊ नका. या गटाला तुमच्यासारखीच आई हवी असते. तुम्ही किती मेहनत घेता, ते पावलिना नेहमी सांगते."

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

वर्षभर पाय ताणायचा तो घरच्यांनीच, त्यामुळे त्यांना ते शिकवून तसं लिहून द्यायचं काम माझं. मी तिला म्हणाले, "तुला येतं सगळं. मी लिहून टाकते, तुम्ही निघा. चारची बस मिळेल."

"नको. नियमाने करा."

तेमेनुगाला पुन्हा टेबलावर घेतलं. झिव्काने कोट काढला, बाह्या सरसावल्या, एक हात मांडीवर आणि एक टाचेखाली धरला. पोरीच्या लगेच लक्षात आलं.

"आई, हे संपलं ना? तू म्हणालीस ना, संपलं."

"मी खोटं बोलले, राणी."

"पण आपण पत्ते खेळायचो."

झिव्काने दाब दिला. तेमेनुगा ओरडली, मग माझा एप्रन धरून ओरडत राहिली. "ताई, तिला सांगा ना." बाहेरच्या बाकावरची कुजबुज थांबली. मी पायाकडे पाहत होते. चोवीसपर्यंत आला असेल, पुढे हलेना. एकदा असा आखडलेला स्नायू ताणून किती थोडा सुटतो, हे मला ठाऊक आहे. आणि तेव्हा झिव्काही माझ्या तोंडाकडे पाहत होती, त्यामुळे तिलाही कळलं असणार.

"पुरे, झिव्का," मी म्हणाले. "थांब आता. पोरगी दमली."

तिने हात काढले नाहीत. "नाही, ताई," ती म्हणाली. "थांबून बघितलं."