चौथी गोळी

ओट्यावरच्या घोंगडीवर मांडलेल्या वस्तू अशा होत्या: एक नवं पिस्तूल, तळहातात मावेल एवढं, दोन मॅगझिन, चौतीस काडतुसं, एक पेन्सिल, एक खिळा आणि वाटीभर रॉकेल. सुकलालने पुन्हा मोजलं. काडतुसं चौतीसच होती.

पिस्तूल त्याच्या मोठ्या बहिणीचं, निर्मलाबाईचं. धुळ्याला सुइणीचं शिक्षण घेऊन ती म्हसावदच्या दवाखान्यात लागली होती. कुठल्याही गावाहून बाळंतपणाची हाक आली की जेठ्याच्या बैलगाडीत बसून निघायची. त्या साली उसाच्या फडांत पिसाळलेले कोल्हे शिरले होते. म्हणून वडिलांनी, झिपरू पाटलांनी, स्वतः खटपट करून लेकीच्या नावे परवाना काढला आणि मुंबईहून हे पिस्तूल मागवलं.

आणि गेल्या गुरुवारी ब्राह्मणपुरीच्या वाटेवर एक कोल्हा लाळ गाळत सरळ बैलांवर धावून आला, तेव्हा निर्मलाबाईच्या हातून तीन गोळ्या सुटल्या आणि चौथीला नुसतं 'टिक' झालं. जेठ्याने पराणीने झोडपून कोल्ह्याला पिटाळलं, म्हणून बैल वाचले आणि माणसंही.

दुसऱ्या दिवशी पाटील पिस्तूल घेऊन शेताच्या बांधावर गेले. त्यांच्या हातून सातही गोळ्या सुटल्या. घरी येऊन त्यांनी निकाल दिला.

"पिस्तूलमा काही खोट नही. पिस्तूल बी हात वळखस. बाईना मनगटमा जोर नही, हाई खोट."

"आबा, ह्याच मनगटवर मी आडेल बाया सोडवस," निर्मलाबाई म्हणाली. "तव्हय जोर कोठून येस?"

पाटील जरा घुटमळले; पण पाटलाचा शब्द तो, एकदा तोंडातून गेला की गेला. "सोमवारलगून वाट दखसू. तुन्हा हातथून एक दममा साती गोळ्या सुटन्यात, तं जा. नही तं राजीनामा लिख."

सुकलाल पुण्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागून वर्षही झालं नव्हतं. नाताळच्या सुट्टीत तो कळसाडीला घरी आला तो या भांडणाच्या ऐन मध्यात. आल्या आल्या त्याने दोघांना एकेक मॅगझिन रिकामं करायला सांगितलं आणि स्वतः बाजूला उभा राहिला. हात बघायचा, पिस्तूल नाही, असं त्याने ठरवलं होतं. बहिणीने धडाधड घोडा ओढला: पाचवीला टिक. बापाने सात झाडल्या, सातही सुटल्या. पण एक गोळी सुटली की पाटील पिस्तूल खाली घ्यायचे, डाव्या हाताने मिशीला पीळ द्यायचे, एक डोळा मिटायचे, आणि मग दुसरी.

"आबा, तुम्ही दर गोळीना मांगे मिशा पिळतस," सुकलाल म्हणाला.

"मंग? नेम धराना नही का?"

"कोल्हाले सांगा ना मंग," निर्मलाबाई म्हणाली, "थांब भो, पाटीलनी मिशी व्हऊ दे!"

ओट्याखाली बसलेला जेठ्या तोंडावर फडकं धरून हसला. पाटलांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला खोकला आला.

सुकलालने मॅगझिन पुन्हा भरलं. "आबा, आते न थांबता सोडा. मिशीले हात नही."

पाटलांनी बांधाकडे तोंड केलं. एक, दोन, तीन, चार. टिक.

भर रस्त्यात बसकण मारलेल्या बैलाकडे बघावं तसे ते पिस्तुलाकडे बघत राहिले. मनगट मोठं होतं, केसाळ होतं, आणि तरी पिस्तुलाने ते ओळखलं नव्हतं.

म्हणजे हाताचा प्रश्न मिटला. उरलं मॅगझिन. ती पत्र्याची चपटी नळी. आत स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर एक चिमुकला पाट, आणि पाटावर गोळ्यांची उतरंड. वरची गोळी गेली की पाटाने तत्काळ वर सरकून पुढची तोंडाशी आणायची. सुकलालने रिकाम्या मॅगझिनचा पाट पेन्सिलीने तळापर्यंत दाबला आणि पेन्सिल झटकन काढली. पाट उसळून यायला हवा होता. तो आला, पण म्हातारा जिना चढतो तसा, मध्ये दम खात. दुसऱ्या मॅगझिनची तीच गत. गोळ्यांमध्ये मिशीला पीळ देण्याइतकी सवड मिळाली तर तो बिचारा पोचायचा. घाई केली तर गोळी तोंडाशी पोचलेली नसायची आणि पिस्तूल रिकाम्या जागेवरून पुढे जायचं: टिक.

खिळ्याने तळाचा पत्रा सरकवून त्याने स्प्रिंग बाहेर काढली. नळीच्या आतल्या अंगाला पिवळसर, पारदर्शक साय धरली होती. रॉकेलमध्ये चिंधी बुडवून त्याने ती घासघास घासली. चिंधी मळली, साय तशीच. जोडून पाहिलं तर पाट पुन्हा दम खात वर आला.

आता त्याचंही तोंड उतरलं. सोमवार उद्यावर होता. स्प्रिंगच मऊ निघाली असेल तर मुंबईहून दुसरी येईपर्यंत राजीनामा जाऊन पोचला असता. त्याने नखाने साय खरवडली, बोटांत चोळली, नाकाशी नेली. वास ओळखीचा वाटला, पण कशाचा ते आठवेना. गाडीच्या नव्या जुवाचा? नांगराचा?

"माय," त्याने घरात हाक दिली, "पिस्तूलले कसानं तेल लाव व्हतं?"

दगूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अळशीनं! दसराले बठ्ठा हत्यारंस्नी पूजा व्हस, तव्हय हाई नवं लेकरू कोरडं ठेवू का? नांगरले लावं, जूले लावं, मंग ह्याले बी लावं. त्या डब्यास्ले बाजूले भोकं शेतस ना, त्यास्मातून पोटमा बी सोडं. कितलं चमकस, देख!"

सुकलालने कपाळाला हात लावला आणि मग हसत सुटला. अळशीचं तेल लाकडावर लावतात ते याचसाठी: हवा लागली की ते वाळतं आणि त्याची साल होते. नांगराला हवी ती साल. मॅगझिनच्या पोटात तीच साल दोन महिने धरत होती, आणि एकदा धरली की रॉकेलला ती दाद देत नाही.

"म्हणजे मन्हामुळे पोरवर कोल्हा..." दगूबाईंचा हात तोंडाशी गेला.

"नही वं माय. पूजा चांगलीच करी तू. तेल तेवढं लाकडनं व्हतं."

"सालीला मारायला क्षार हवा," तो स्वतःशीच पुस्तकी मराठीत पुटपुटला. "तेलाचा साबण करायचा. चुन्याची निवळी? पापडखार?"

"सोडा," निर्मलाबाई म्हणाली. ती आधीच उठली होती. "मन्ह्या कात्र्या मी रोज सोडाना पाणीमा उकळस. चिकट काहीच ऱ्हात नही, आनि लोखंड गंजत बी नही."

तिने आपल्या पेटीतलं हत्यारं उकळायचं भांडं चुलीवर चढवलं. दोन्ही मॅगझिन सुटी करून, स्प्रिंग आणि पाटांसकट पाण्यात गेली. थोड्या वेळात पाण्यावर पिवळट फेस आला. सुकलालने चिमट्याने एक नळी उचलून उजेडात धरली: साय वितळल्यासारखी सुटत होती. पुन्हा एक उकळी, मग गरम पाण्याने विसळणं, मग चुलीजवळच्या उबेत वाळवणं. तेलाचा थेंबही त्याने आत जाऊ दिला नाही. पेन्सिलीने पाट दाबून सोडला. टप्! पाट थेट नळीच्या तोंडाशी येऊन आदळला.

"आते?" पाटलांनी विचारलं.

"आते आक्कानं मनगट दखा."

बांधाला एक फुटकं टोपलं टेकवून ठेवलं. निर्मलाबाई दहा पावलांवर उभी राहिली, पदर खोचला आणि न थांबता घोडा ओढत राहिली. आवाज एकमेकांना चिकटून गेले. सातवीनंतर पिस्तूल उघडं राहिलं, रिकामं.

पाटील म्हणाले, "दुसरं बी."

तिने दुसरं मॅगझिन चढवलं. सुकलालच्या हातात पहिल्या गोळीपासून घड्याळ होतं. दोन्ही मॅगझिन संपली तेव्हा जेठ्याने गवतातून पुंगळ्या वेचून आणल्या आणि सुकलालने त्या घोंगडीवर ओळीने मांडल्या: काडतुसं चौदा, पुंगळ्या चौदा, टोपल्यात भोकं अकरा. दर मॅगझिनला वेळ चार सेकंद.