कणीस ताल धरतं!

या, असे पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलात की डोळा लागतो, आणि आजची गोष्ट जागेपणी ऐकायची आहे. पोथीतली नाही ही. जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराख गावातली आहे, गेल्या श्रावणातली. तिच्यात दीड वितीचा एक साप आहे. अहो, पाय वर घेऊ नका, बिनविषारी आहे!

तर त्या गावात शुभदा पारसनीस राहते. नवरा उत्कर्ष सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी स्वानंदी दहा वर्षांची. शुभदाचे हात लॅपटॉपवर असले तरी कानात कीर्तन सुरू असतं, आणि गळा असा गोड की तिथल्या मराठी मंडळातलं कुठलंही भजन तिच्याशिवाय उभं राहत नाही.

स्वानंदीला घरात प्राणी हवा होता. भाडेकरारात कुत्र्या-मांजरांना मनाई होती, पण पेटीत राहणाऱ्या छोट्या प्राण्यांना नव्हती. बाप-लेकीने ते कलम शोधून काढलं आणि साप पाळणाऱ्या फ्राऊ ब्रुनर आजींकडून कॉर्न स्नेकचं पिल्लू आणलं. केशरी रंगाचं, करंगळीहून बारीक, वजन आठ ग्रॅम. पोटावर मक्याच्या दाण्यांसारखी नक्षी, म्हणून नाव ठेवलं कणीस.

आजींनी सगळं नीट समजावलं होतं. पेटीच्या एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा, लपायला जागा, वाटीत पाणी. पहिला आठवडा हात लावायचा नाही. मग पाचेक दिवसांनी एकदा जेवण: उंदराचं गोठवलेलं नवजात पिल्लू, कोमट पाण्यात वितळवून.

"उंदीर?" शुभदा ओरडलीच. "माझ्या फ्रीझरमध्ये? ओल्या नारळाच्या शेजारी? अरे, गणपतीचं वाहन आहे ते!"

"शंकराच्या घरी साप आणि उंदीर एकाच छपराखाली नांदतात की," उत्कर्ष म्हणाला.

"नांदतात. तिथे कोण काय जेवतं ते कुणी विचारत नाही!"

दुसऱ्या दिवशी खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, एक छोटा वेगळा फ्रीझर आला आणि तह झाला.

आता मला सांगा, श्रावणाच्या तोंडावर नागोबा आपल्या पायांनी (पाय नसले म्हणून काय झालं!) घरी आला, तर त्याला ठेवायचं कुठे? शुभदाने घरातली सर्वांत मानाची जागा दिली: देव्हाऱ्याशेजारी. सकाळ-संध्याकाळ घंटा, उदबत्ती, आरती. हात कुणी लावला नाही हो, नियम अगदी पाळला. गाणं म्हणू नका असं काही आजी बोलल्या नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी शुभदाचं लक्ष गेलं. टाळ्या वाजल्या की कणसाची शेपटी थरथरते. टाळ्या थांबल्या की तीही थांबते. "अगंबाई! हे तर ताल धरतंय!" लगेच व्हिडिओ काढून मंडळाच्या ग्रुपवर. नागपंचमीला अकरा जणी हळदकुंकू, लाह्या घेऊन दर्शनाला आल्या. मंडळातल्या वडीलधाऱ्या स्वरूपाताई पेटीला नाक लावून म्हणाल्या, "मागच्या जन्मी टाळकरी असणार गं हा! शनिवारी मोठं भजन इथेच करू. मी पखवाजवाल्याला सांगते."

इकडे कणीस मात्र जेवेना. पहिला उंदीर तसाच राहिला. दुसराही. तिसरा मंगळवारी, तोही तसाच. स्वानंदीने स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याला ठेवलं. साडेसहा ग्रॅम.

"आई, एस फ्रिस्ट निष्ट!" ती रडकुंडीला आली. खातच नाही.

आजींनी फोनवर स्पष्टच सांगितलं. शनिवारी एकदा शेवटचं द्या. नाही खाल्लं तर रविवारी माझ्याकडे आणा, मी वाचवायचा प्रयत्न करीन. पण मग ते माझ्याकडेच राहील, परत मिळणार नाही.

त्या संध्याकाळी स्वानंदीच्या ताटातला भात जसाच्या तसा. शुभदाला ते बघवेना. तिने पुन्हा आजींना फोन लावला आणि आपल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विनवू लागली, "पण ते इथे खूश आहे हो! नाचतं, ताल धरतं. थांबा, व्हिडिओ पाठवते."

व्हिडिओ पलीकडे पोहोचला, पाहून झाला. मग आजी हळूच म्हणाल्या, "फ्राऊ पारसनीस, तो ताल नाही. ही पिल्लं घाबरली की शेपटी थरथरवतात. जमिनीचा कंप त्यांच्या अंगाला कळतो."

शुभदाने फोन ठेवला. दोन आठवडे एवढासा जीव थरथर कापत होता, आणि आपण टाळ्या पिटत होतो! जिवाजिवातला देव ओळखावा हे तिने कीर्तनात शंभरदा ऐकलं होतं, दरवेळी डोळे पुसले होते. आणि घरात ओळखायची वेळ आली तेव्हा काय केलं? व्हिडिओ.

ती उठली. पेटी उचलून घरातल्या अंधाऱ्या अडगळीच्या खोलीत, व्हॅक्यूम क्लीनरच्या पलीकडे नेऊन ठेवली. आणि स्वरूपाताईंना फोन केला.

"ताई, शनिवारचं भजन माझ्याकडे नको."

"म्हणजे काय? सोळा जणी येतायत! दोघी तर न्युर्नबर्गहून, खास नागोबासाठी!"

"तो ताल धरत नाही, ताई. घाबरतो आपल्याला."

"इश्श! भजनाला कुणी घाबरतं का?"

"तुमच्या पखवाजापुढे आठ ग्रॅमचे होऊन बसा, मग सांगा."

ताईंना हसू फुटलं, पण लगेच आवरलं. "बरं बाई, माझ्याकडे करू. पण तू येशीलच ना? तुझ्याशिवाय गजर कोण उचलणार?"

"नाही येत. दुपारी त्याचं जेवण आहे."

"श्रावणातलं भजन चुकवणार तू? सापासाठी?"

"हो," शुभदा म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर थोडं रडली.

शनिवारी दुपारी स्वानंदीने चिमट्यात उंदीर धरला, पण पेटीजवळ जायला तिचा धीर होईना. "दे इकडे," शुभदा म्हणाली. जन्मात अंड्याला हात न लावलेली बाई! उंदीर भुईमुगाच्या शेंगेएवढा, गुलाबी. तिने त्याला हात जोडले, कणसाच्या लपायच्या जागेच्या तोंडाशी अलगद ठेवला, दिवा बंद केला आणि दार लोटलं.

मग दोन तास घरात कुणी भांडं वाजवलं नाही, नळ सोडला नाही. उत्कर्ष मोज्यांवर चालत होता. तिकडे भजन रंगलं असेल या विचाराने शुभदाच्या ओठांवर नकळत सूर आला.

"आई, प्स्ट! लाइझं!" अगदी हळू! स्वानंदीने डोळे वटारले. शुभदाने सूर गिळला आणि मनातल्या मनात नाम घेत बसली.

साडेचारला लेकीने बोटभर दार उघडलं. आत डोकावली. वळली तेव्हा चेहरा असा फुललेला! "वेग! एस इस्ट वेग!" ती कुजबुजली. गेला! उंदीर नव्हता. कणसाच्या मध्यावर छोटासा फुगवटा होता, आणि ते निवांत वेटोळं घालून पडलं होतं. मग त्या तिघांनी पॅसेजमध्ये चवड्यांवर नाचून घेतलं, टाळी न वाजवता.

झाली गोष्ट. कणीस शुभदाकडेच राहिलं, आता चांगलं हातभर झालंय. एकच मागणं आहे माझं. आज देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या उंदराच्या पिल्लाची आठवण असू द्या. डोळेही उघडले नव्हते त्याचे, नावही कुणी ठेवलं नव्हतं, आणि कणसाचं पोट त्यानेच भरलं.