बिसाहूचं वजन आणि मी

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. दुकानातला नव्हे, तर वाशाला टांगून, खाली झोळी अडकवून लहान मुलं तोलायचा. छत्तीसगडमधल्या बोडरा गावच्या अंगणवाडीत माझं आयुष्य गेलं, पण माणसं काही मला अजून कळली नाहीत.

जेवढं ओझं तेवढंच दाखवायचं, एवढंच शिकून मी कारखान्यातून निघालो. खरं सांगितलं की लोक खूश होतील, असं मला वाटायचं. इथं उलटंच! काटा पुढे सरकला की आया घाबरून म्हणायच्या, "कसलं बाळसं, दीदी! वाळून काडी झालाय." मागे आला की म्हणायच्या, "छे, चांगला गुटगुटीत तर आहे!" मी आपला गोंधळून लोंबकळत राहायचो.

अंगणवाडीच्या दुलेश्वरीदीदींचा मात्र माझ्यावर जीव. मला पुसून, काटा शून्यावर आणून मगच त्या मूल झोळीत ठेवायच्या. "आमचा हा कधी खोटं बोलत नाही," असं चारचौघांत सांगायच्या. तेव्हा मी फुशारून जायचो.

सुकवारो आजीची दोन नातवंडं दगावली होती. म्हणून तिसरा जन्मताच तिनं तो शेजारणीला देऊन टाकला आणि सूपभर कोदो धान्य देऊन परत विकत घेतला. नाव ठेवलं बिसाहू, म्हणजे विकत घेतलेला. अशा पोरावर दैवाचा डोळा नसतो म्हणे. तरी आजीचा जीव थाऱ्यावर नसे. पोराला जुलाब झाले, तिनं राखण म्हणून करगोट्यात लोखंडी कुलूप ओवलं. ताप आला, घोड्याच्या नालेचा तुकडा आला. खोकला झाला, तर बैलाची घंटा!

"काकी, वजनापुरतं तरी काढा," दीदी म्हणाल्या.

"आणि काही झालं म्हणजे? तू देशील दुसरा नातू?"

दीदींनी पोर तसंच झोळीत ठेवलं.

दर महिन्याला काटा सात किलोवरच यायचा. "वाढत नाही, पण घटतही नाही," म्हणून दीदी समाधान मानायच्या. मला मात्र काहीतरी चुकतंय असं वाटे. पूर्वी लाथा झाडणारं पोर आता झोळीत नुसतं पडून राही. ओझं तेच, मग पोर वेगळं का? मला काही उमगेना.

एकदा वजनाच्या दिवशीच तळ्यावर करगोटा तुटला. बिसाहूची आई फगनी लोखंड पदरात बांधून त्याला तसाच घेऊन आली. काटा सव्वासहावर थांबला.

"टोनही आहे मेला हा काटा!" आजी किंचाळली. "चेटकीण! माझ्या नातवाला खाल्लं यानं!"

मी हादरलो. खरं सांगितलं, तर चेटकीण?

फगनीनं पोर दीदींकडे दिलं आणि पदरातलं लोखंड रिकाम्या झोळीत ओतलं. काटा पाऊण किलोवर गेला.

"दाई," ती सासूला म्हणाली, "आपण लोखंड तोलत होतो."

आजीनं झोळीतलं कुलूप हातात घेतलं. "मी तर त्याला राखत होते गं..."

त्याच दिवशी दीदी तिघांना सरकारी दवाखान्यातल्या पोषण केंद्रात घेऊन गेल्या. इकडे माझ्या झोळीत मूल ठेवायला कुणी तयार होईना. बिसाहू जगला की नाही, हे मला कोण सांगणार? भिंतीकडे तोंड करून मी वाट पाहिली.

शेवटी तो आला, आजीच्या कडेवरून. तिनं स्वतःच्या हातानं करगोटा सोडला आणि आपल्या कमरेला बांधला. "तोलून होईपर्यंत सगळ्यांची नजर मला लागू दे," असं म्हणून तिनं त्याला झोळीत ठेवलं. नुसतं पोर, साडेसात किलो! मग आजीनं माझ्या आकड्याला काळा दोरा बांधला. मला नजर लागू नये म्हणून, की माझी लागू नये म्हणून? मला अजून कळलेलं नाही.

मित्रांनो, धाकट्या भावंडाला तोलताना अंगावरचं सगळं उतरवा. काटा मागे आला तर त्याच्यावर रागावू नका, आणि जागेवर राहिला म्हणून निर्धास्तही होऊ नका. मी लोखंडाला पोर समजलो होतो. माझ्याकडे नंतर बघा. आधी पोराकडे बघा.