नाग्याचा डाव

गावी परतून तिसराच दिवस होता. दुपारचे चार वाजले असतील. मी व्हरांड्यात चहा घेत घड्याळाकडे बघत बसलो होतो, कारण दुसरं काही काम नव्हतं. तेवढ्यात बंगल्यामागच्या मोकळ्या वावरातून हाक आली.

"ए धम्म्याऽऽ! डाव दे ना बे!"

चहा सांडला. मला धम्म्या म्हणणारं आता कोणी उरलेलं नव्हतं. आई जाऊन एकवीस वर्षं झाली. आमच्या गावची, भीमपूरची, म्हातारी माणसंसुद्धा मला साहेब म्हणतात. मी त्यांना 'साहेब म्हणू नका' असं एकदा सांगतो, दुसऱ्यांदा सांगत नाही.

प्रतिभा, माझी बायको, स्वयंपाकघरातून डोकावली. "कोन बोलावून राह्यलं जी तुमाले?"

"कोणी नाही. भास झाला."

"दोघांले एकच भास?" ती म्हणाली आणि आत गेली.

हैदराबादला माझी जमीनमोजणीची कंपनी होती. तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, शेवटी कंपनीच विकली. दोन पिढ्यांना पुरेल एवढं आलं. मग झोप गेली. डॉक्टर म्हणाला, काहीतरी खेळत जा. गोल्फ खेळून पाहिला. चेंडू मारायचा आणि तो शोधायला गाडीत बसून जायचं, याला खेळ म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. रोज दुपारी चारच्या सुमाराला छातीत कसंतरी व्हायचं. गॅस चालू ठेवून घराबाहेर पडल्यावर होतं तसं. काय विसरलं ते मात्र आठवायचं नाही. गावी बंगला बांधला, तो यातून सुटका होईल म्हणून.

चौथ्या दिवशी पुन्हा तीच हाक आली. मी मागच्या दारानं निघालो.

वावरातली कापसाची पऱ्हाटी उपटून नेलेली होती, नुसती ढेकळं उरली होती. मधोमध एक हडकुळा म्हातारा उभा होता, एका पायात चप्पल, हातात विटी. त्याचा डावा कान दुमडलेला होता. त्या कानावरून ओळखलं, नाहीतर ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. आमच्याच वस्तीतला नागनाथ.

"नाग्या!"

"जय भीम," तो अदबीनं म्हणाला. "तुमी कोन जी?"

"अरे, मी धम्मपाल!"

तो हसला आणि छातीएवढ्या उंचीवर हात धरला. "धम्म्या एवढुसा हाय. कपडे बदलाले गेला घरी. येऊनच राह्यला. डाव हाय माया त्याच्यावर."

आणि तेव्हा मला आठवलं, मी काय विसरलो होतो ते.

पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा जून. याच वावरात मी सकाळपासून दांडू मारत होतो आणि नाग्या विटीमागे धावत होता. विटी जिथे पडेल तिथपासून खड्ड्यापर्यंतचं अंतर दांड्यानं मोजायचं: वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झक. पुढे आदिलाबादच्या वसतिगृहात तेलुगू पोरांच्या तोंडून ओकटी, रेंडू, मूडू ऐकलं, तेव्हा कळलं की आम्ही अख्खं लहानपण तेलुगूत मोजत होतो. चारच्या सुमाराला मी बाद झालो. आता नाग्याचा डाव. तेवढ्यात बाबा आले. वसतिगृहात जागा मिळाली, जीप उभी आहे, कपडे बदल. "आलोच बे," मी नाग्याला म्हणालो आणि दांडू घेऊनच पळालो.

आमच्यात चोरी केलेली एक वेळ चालायची. डाव न देता पळालेला चालत नसे. मी पळालो. त्या दांड्यावर वर्षभर ओला टॉवेल वाळत घातला. सुट्टीत गावी आलो की या वावराकडे फिरकत नसे. नंतर नाग्या मजुरीला जायला लागला, आणि मी मोठा माणूस झालो.

"दोन वर्सं झाले," त्याची सून शुभांगी सांगत होती. "मामंजीले काहीच ध्यानात नाही राहत, काकाजी. जेवले तेबी नाही. मायं नावबी नाही. पन चार वाजले का निंगाले वावरात. पयले नुस्ते उभे राहत. आता हाका मारतेत."

पैसेवाला माणूस जे करतो ते सगळं मी केलं. निर्मल शहरातल्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं सांगितलं, आता जसे आहेत तसे राहू द्या. नवी खाट आणली, चप्पल आणली. चप्पल तो एकाच पायात घालायचा. एकदा मी त्याचं बोट धरून माझ्या भुवईवरच्या जुन्या खुणेवर ठेवलं. त्याच्याच विटीनं झालेली खूण. त्यानं ती फार मायेनं चाचपली.

"धम्म्यालेबी अशीच हाय," तो म्हणाला. "मीच मारली होती." आणि पुन्हा माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघायला लागला.

मला रडू आलं आणि रागही आला. राग त्या अकरा वर्षांच्या पोट्ट्याचा. मी समोर उभा होतो, आणि हा वाट बघत होता त्याची.

मग मी कडुलिंबाची फांदी तोडली आणि दांडू तासायला बसलो. दोन दिवस लागले. तळहाताला फोड आले.

"सुताराले सांगा ना," प्रतिभा म्हणाली. "आता कोनाले दाखवाचं हाय?"

"डाव नोकराकडून देत नसतात," मी म्हणालो. ती हसली नाही.

तिसऱ्या दिवशी चारला मी वावरात गेलो.

"तुमी कोन जी?" नाग्यानं रोजच्यासारखं विचारलं.

"धम्म्यानं पाठवलं मले. म्हने, नाग्याचा डाव देऊन ये."

त्यानं माझ्यामागच्या रस्त्याकडे पाहिलं. "त्यो काऊन नाही आला?"

"त्याले शाळेत धाडलं."

"हं. हुशारच हाय ते पोट्टं." त्यानं माझ्या हातातून दांडू घेतला.

पहिल्या तीन वेळा विटी हुकली. चौथ्यांदा टक् असा आवाज आला आणि विटी माझ्या डोक्यावरून गेली. मी ढेकळांतून धावलो, पडलो, गुडघा सोलला. नाग्या दांडू टेकवत मोजत येत होता. सुनेचं नाव ज्याला येत नव्हतं, तो वकट ते झक एकही चूक न करता म्हणत होता. दम लागून मी बसकण मारली, तर त्यानं ओरडून शिवी दिली. मी इतका हसलो की पोट दुखलं. हैदराबादच्या तीस वर्षांत असं हसलो नव्हतो. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, प्रतिभा आणि शुभांगी उभ्या होत्या, त्याही हसत होत्या. मला वाटलं, हे असंच रोज चालू दे. आता दुसरं काही नको.

ऊन शाळेच्या टिनांवर उतरलं. नाग्यानं एक विटी सरळ वर उडवली. ती माझ्याकडेच येत होती. मी ती सोडू शकलो असतो. सोडायलाच हवी होती. पण हात माझे राहिले नाहीत. डावा गुडघा टेकला, ओंजळ छातीशी आली. लहानपणी मी असाच झेलायचो.

"झेऽल!" मी ओरडलो, आणि नाग्याकडे पाहिलं. आता ओळखेल. आता नक्की ओळखेल.

तो जवळ आला. माझी ओंजळ पाहिली, मग तोंड पाहिलं. ओठ हलले.

"धम्म्यावानीच झेलता जी तुमी," तो म्हणाला. दांडू त्यानं माझ्या हाती दिला. "सांगा त्याले, डाव भेटला म्हना. आता येऊ नको म्हना. उगाच शाळा बुडते त्याची."

शुभांगीनं त्याचा हात धरला आणि घरी नेलं. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तीनपासूनच तयार होऊन बसलो. चार वाजले. हाक आली नाही. सव्वाचार झाले. मी त्याच्या घरी गेलो. नाग्या खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. चेहरा शांत होता. मी विटी पुढे केली. त्यानं ती उलटसुलट करून बघितली.

"चुलीत घाला," तो म्हणाला. "वाळेल हाय."

"लय उपकार झाले काकाजी," शुभांगी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "दोन वर्सांत आज पयल्यांदा घरी बसले."

विटी खिशात घालून मी वावरात आलो.

नाग्या बाद झाला होता. नियमानं आता डाव माझा होता, आणि तो द्यायला कोणी नव्हतं. मी वस्तीकडे तोंड करून उभा राहिलो. बराच वेळ राहिलो. मग तोंडाशी हात धरला.

"ए नाग्याऽऽ! डाव दे ना बे!"

बंगल्याच्या मागच्या दारात प्रतिभा आली. तिनं कपाळावर हात धरून वावराकडे पाहिलं, पण उन्हात मी तिला दिसलो नसणार. ती आत वळली आणि मी तिथेच बसलोय असं समजून व्हरांड्यातल्या माझ्या रिकाम्या खुर्चीला तिनं विचारलं, ते मला वावरात ऐकू आलं, "आयकलं का जी? आज कोनाले बोलावून राह्यलं?"