चौथी मोटर

"आधी त्याचं किंचाळणं बंद करा, नाहीतर मी चालले माहेरी!" वेल्डरची बायको दुकानाच्या दारात उभी राहून ओरडली. वेल्डर गेटच्या पट्टीला ग्राइंडर लावून बसला होता. त्याला फक्त शेवटचे दोन शब्द ऐकू आले. मशीन थांबवून तो म्हणाला, "जा की. मी कुठं नको म्हणतोय?"

झालं! सकाळचा चहा दुकानात यायचा तो त्या दिवशी आलाच नाही.

किंचाळत होतं ते ड्रोन. मूळचं ते मेव्हण्याचं. हौसेला मोल नाही म्हणून त्यानं घेतलं, दोनदा झाडात अडकवलं आणि हौस फिटल्यावर बहिणीच्या घरी आणून टाकलं. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," एवढं बोलून वेल्डरच्या म्हाताऱ्या आईनं तोंड फिरवलं. वेल्डरचा मात्र त्यावर जीव जडला. दुकानाच्या अंगणातून ते उडवायचं, मागच्या शेतावर फिरवायचं आणि तिथंच अंगणात उतरवायचं. जेवायला तीन हाका माराव्या लागायच्या.

ज्वारीची कणसं दुधात आली तेव्हा त्यानं जाहीर केलं, "यंदा पाखरं राखायला ड्रोन!" इतकी वर्षं म्हातारी मचाणावर बसून डबा बडवायची. यंदा तिचा खांदा धरला होता, त्यामुळे तिला हे पटलं. वेल्डर एवढ्यावर थांबला नाही. त्यानं मचाण मोडलं आणि त्याचे वासे गोठ्याच्या छपराला लावून टाकले.

आणि ड्रोननं काम केलं, खोटं कशाला बोला? ते वर गेलं की पाखरं भर्रकन उठायची आणि शेजारच्या शेतात जाऊन बसायची. शेजाऱ्यानं बोलणं सोडलं. पण इथं आल्यापासून त्याची एक मोटर कुरकुरायची, ती आता किंचाळायला लागली. त्या आवाजानं बिचकून म्हशीनं दूध चोरलं. आदल्या दिवशी तर मोटर इतकी तापली की ड्रोन कलंडून थेट ज्वारीत पडलं. आता ते बंद पडलं तर पीक उघडं पडणार होतं. मचाण नाही, म्हातारीचा खांदा नाही आणि बायकोच्या मागं म्हशीचा व्याप.

वेल्डरला कळेना आपलं चुकतंय कुठं. हयगय म्हणाल तर नावाला नव्हती. रोज संध्याकाळी काम आटोपलं की तो दुकानातल्या कामाच्या टेबलावरच चारही मोटरी खोलायचा. पंखे काढायचे, खालची क्लिप काढायची, वरची फिरती टोपी अलगद ओढायची. तांब्याच्या तारांवरून मऊ ब्रश फिरवायचा. बेअरिंगला सुईच्या टोकानं तेलाचा थेंब सोडायचा, जास्त नाही, जास्त झालं की धूळ धरते. बायको म्हणायची, "एवढी निगा माझी राखली असती तर मी पण उडाले असते."

त्या संध्याकाळी ती भांडण पुरं करायला पुन्हा दुकानात आली. वेल्डर नुकतीच पुसलेली टोपी टेबलावर ठेवून दुसरीकडं वळला होता.

"अहो, हिला मिशा कधी फुटल्या?"

"कुणाला?"

"या टोपीला."

वेल्डरनं टोपी उचलली. आतून गोल लोहचुंबक बसवलेले होते आणि त्यांवर लोखंडाचा काळा चुरा केसासारखा उभा होता. त्यानं टेबलाकडं पाहिलं. टेबलभर दिवसभराचा ग्राइंडरचा चुरा. कपड्यांवर तोच, नखांत तोच, उडायच्या अंगणातही तोच. म्हणजे रोज तो मोटर साफ करत नव्हता, तिला जेवू घालत होता.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा," बायको म्हणाली. "घरात आणा ते. आधी अंघोळ करा."

एकदा पीठ उडवल्यापासून ड्रोनला घरात बंदी होती. आज ती उठली. वेल्डर अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून पोरीच्या बघण्याला बसावा तसा स्वयंपाकघरात बसला. चुंबकावरचा चुरा ब्रशला दाद देईना, तेव्हा बायकोनं घट्ट कणकेचा गोळा आणला आणि दाबून दाबून सगळा टिपून घेतला. वेल्डरनं स्पिरिटचा बोळा फिरवला. टोपी बोटानं फिरवली तर नुसती फिरतच राहिली, आवाज म्हणून नाही. दोघं एकमेकांकडं बघून हसली. कैक दिवसांनी हसली.

सकाळी ड्रोन धुतलेल्या अंगणातून उडालं. इतकं गुळगुळीत चाललं की वेल्डरची छाती फुगली. ते ज्वारीवर गेलं. पाखरं कणसावर बसलेली होती ती बसूनच राहिली. एकानं मान वर करून पाहिलं आणि परत दाणा टिपायला लागलं. शेजारच्या शेतातली होती नव्हती तीही आली.

"अरे, खातायत की!" म्हातारी ओरडली आणि दुखरा खांदा विसरून डबा घेऊन बांधावर धावली. दोनदा बडवला आणि कळवळून खाली बसली. बायकोनं तिच्या हातातला डबा घेतला, तीच बडवत सुटली. वेल्डरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मचाण त्यानंच मोडलं होतं.

तो धापा टाकत दुकानात आला. मागोमाग बायको.

"ती पाखरं ड्रोनला भीतच नव्हती," ती म्हणाली. "ती किंचाळण्याला भीत होती. घाला परत चुरा."

"शुद्धीवर आहेस का? जळेल मोटर!"

"एकीतच घाला. जरा फिरवा, तापायच्या आत खाली घ्या. कापणीपर्यंत टिकली म्हणजे झालं."

वेल्डरनं मोठा सुस्कारा सोडला. टेबलावरचा चुरा चिमटीत घेतला आणि भाजीत मीठ टाकावं तसा चौथ्या मोटरीत सोडला.

"आणखी थोडा," बायको म्हणाली. "बास."

ड्रोन किंचाळत उडालं. पाखरं उठली. म्हैस हंबरली. पलीकडून शेजाऱ्यानं शिवी हासडली.

त्या दिवसापासून वेल्डर तीन मोटरी स्वयंपाकघरात साफ करतो. चौथीला हात लावायची सोय नाही. तिच्याकडं बघून त्याचा जीव तुटतो, तो म्हातारीकडं गाऱ्हाणं करतो.

म्हातारी खांद्याला शेक घेत म्हणते, "राहू दे रे. घरात एक तरी ओरडणारं लागतंच, तेव्हा कुठं राखण होते."

आतून बायको विचारते, "कुणाबद्दल चाललंय?"

"मोटरीबद्दल," दोघं एकदम म्हणतात.