जोडीबाहेरचा सेल

घरात दोघी जावाच उरल्या होत्या. थोरली अंथरुणावर आणि धाकटी पायांवर. धाकटी नावाचीच धाकटी. वय सदुसष्ट, गुडघे त्याहून म्हातारे, जिभेला मात्र कालच धार लावून आणलेली. थोरली खुब्याचं हाड मोडून पडली त्याला सात महिने झाले होते. पहिल्याच दिवशी धाकटीने सगळ्या गोतावळ्यासमोर जाहीर केलं होतं, "या घरात पगारी बाई येणार नाही. मी अजून मेले नाही." थुंकलेलं पुन्हा गिळता येत नाही. सात महिने ती तो शब्द पाठीवर घेऊन हिंडत होती.

थोरलीचा आवाज अंथरुणाला लागल्यापासून खोल गेला होता. गच्चीवर कपडे वाळत घालताना तो ऐकू येईना. म्हणून धाकटीच्या लेकीने बिनतारी बेल करून दिली. ही लेक जन्मली तेव्हा चिमटीत मावेल एवढीच होती, म्हणून घरात तिला चिमटीच म्हणत. आता ती रेडिओ-पंखे दुरुस्त करायची आणि रविवारी आईकडे यायची. थोरलीच्या उशाशी बटण आणि धाकटीच्या कमरेला साबणाच्या डबीत बसवलेली बेल. ती दोन सेलवर चालायची. बटण दाबलं की कमरेशी टिंग-टिंग.

सेल चिमटीने निवडून आणले होते. दुकानदाराने आधी चकचकीत सेल पुढे केले, त्यांच्यावर किती वीज मावते त्याचा हा एवढा आकडा. चिमटीने ते दोन बोटांत तोलले आणि परत सरकवले. "आकडा नऊ हजार आणि वजन कापसाचं. आत भुसा भरलाय." मग तिने दोन हजार आकड्याचे, पुन्हा पुन्हा भरता येणारे चार जड सेल घेतले. नुसते पडून राहिले तरी भरलेले राहतात असे. घरी येऊन तिने नेलपॉलिशचे ठिपके दिले. दोन लाल, दोन निळे.

"आई, जोडी मोडायची नाही. लाल लालबरोबर, निळा निळ्याबरोबर. एक जोडी बेलमध्ये, एक चार्जरमध्ये. हिरवा दिवा लागला की काढायची."

"मला अक्षर कळत नाही, रंग कळतात," धाकटी म्हणाली होती.

आणि खरंच कळत होते. पाच महिने तिने एकदाही चूक केली नाही. सकाळी दहाला सेल बदलायची, काढलेले भरायला लावायची. पण बेल काही थांबेना. पाणी हवं, टिंग. उशी सरकली, टिंग. खिडकी उघड, टिंग. खिडकी लाव, टिंग. एकदा तर धाकटी दोन जिने उतरून धापा टाकत आली, तर थोरली म्हणाली, "काही नाही गं, वाजते का बघितलं." धाकटीला वाटलं, आता ही बेल हिच्याच घशात कोंबावी.

मग एक दिवस एक निळा सेल ओट्याखाली घरंगळला. गुडघे वाकेनात. धाकटीने खणातल्या जुन्या टॉर्चमधला तसलाच भरायचा सेल काढला, तासभर चार्जरला लावला आणि निळ्याच्या जोडीला घातला. तो म्हातारा सेल दुपारी दोनलाच झोपला आणि त्याच्यामागोमाग बेलही. धाकटी जराशी टेकली, ती चार वाजता उठली. सात महिन्यांत पहिल्यांदा तिला सलग दोन तास झोप लागली होती. उठल्यावर तोंड कडू, पण अंग पिसासारखं हलकं.

ओट्याखालचा निळा सेल तिने केरसुणीने ओढून काढला, पुसला आणि खणात ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता तिचा हात आपोआप टॉर्चच्या सेलकडे गेला.

तसे सेल काढूनच ठेवता आले असते. पण काढून ठेवणं म्हणजे पाप आणि संपणं म्हणजे नशीब. सेल संपला, त्याला ती काय करणार? संध्याकाळी मात्र ती न चुकता लाल जोडी घालायची. रात्रीचं पाप तिला झेपलं नसतं.

हे पंधरा दिवस चाललं. गुरुवारी चार वाजता ती उठून आत गेली, तर थोरलीची चादर ओली.

"पाणी सांडलं," थोरली भिंतीकडे बघत म्हणाली.

ते पाणी नव्हतं. धाकटीने चादर बदलली, तिला पुसलं, कोरडं केलं. मोरीत चादर चोळता चोळता तिने स्वतःला सोलून काढलं. आता पुन्हा नाही, असं ठरवलं. शुक्रवारी पाळलं. शनिवारी दहा वाजता डोळे मिटत होते, आणि तो सेल समोरच होता.

रविवारी चिमटी आली. चहा प्यायच्या आधीच म्हणाली, "बेल दे बघू. साफ करते."

"वाजतेय की. कशाला उगीच उचकतेस?"

"वाजणारीच साफ करायची असते." चिमटीने डबी उघडली. स्प्रिंगवर मिठासारखी पांढरी बुरशी चढली होती. तिने मीटर काढलं, खणातले सगळे सेल ओट्यावर मांडले आणि एकेकाला तारा टेकवत गेली. टॉर्चच्या सेलपाशी थांबली.

"आई, हा इथे कसा?"

"असेल पडलेला."

"गळलाय हा. भरलेल्या सेलबरोबर दमलेला घातला की तो आधी संपतो. मग दुसरा त्याला उलटा रेटतो आणि हा असा फुटतो. कोणीतरी याला बेलमध्ये घातलं होतं. एकदा नाही, खूपदा."

"कोणीतरी म्हणजे? घरात उंदीर आहेत, ते घालत असतील."

"आई." चिमटीने मीटर खाली ठेवलं. "बेल बंद पडत होती का? किती वाजता?"

धाकटी ओटा पुसायला लागली. पुसलेलाच ओटा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तिच्या मनात तर भरदुपार झाली होती. लेकीला कळलं तर ती आज संध्याकाळीच बाई शोधेल आणि सगळ्यांना कळेल. जिने सात महिने टेंभा मिरवला, तिने लुळ्या जावेची बेल बंद केली.

तेवढ्यात आतून आवाज आला. "चिमटे, इकडे ये."

दोघी आत गेल्या. थोरली उशीला रेलली होती. चेहरा सुकलेला, डोळे मात्र घुबडासारखे.

"तो सेल मी घालायला सांगितला," थोरली म्हणाली. "दुपारी मला शांतता लागते. ही बाई आत आली की बोलत सुटते, डोकं उठवते."

चिमटीने काकूकडे पाहिलं, मग आईकडे.

धाकटीच्या कानशिलांत रक्त चढलं. बेचाळीस वर्षं या बाईने तिच्या आमटीला नावं ठेवली, तिच्या लेकीला काळी म्हटलं, कपाटाची किल्ली एकदा हातात दिली नाही. आणि आता ही तिला पाठीशी घालणार? हिचे उपकार घेऊन मरायचं?

"खोटं बोलू नका, जाऊबाई," ती कडाडली. "यांनी काही सांगितलं नाही. मी घातला. मला झोप हवी होती म्हणून घातला. सोळा दिवस. आणि गुरुवारी यांनी बेल दाबली असेल, मी घोरत पडले होते आणि या ओल्यात पडून होत्या. झालं ऐकून?"

धाकटी पलंगाच्या कडेला बसली.

"दाबली नाही मी," थोरली म्हणाली.

"काय?"

"पहिल्या दिवशी दाबली. तुझ्या कमरेची टिंग-टिंग मला इथे भिंतीतून ऐकू येते. त्या दिवशी आली नाही. जरा वेळाने तुझं घोरणं ऐकू आलं. मग दोनच्या पुढे मी बटणाला हातच लावला नाही. गुरुवारी वाटलं निभावेल. नाही निभावलं."

बेल वाजली की ती पलीकडेही ऐकू जाते, हे धाकटीच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. सोळा दिवस लपवलं आणि जिच्यापासून लपवलं तिला पहिल्याच दुपारी कळलं होतं.

"मग आधी का नाही बोललात?"

"तू बोललीस का? मी दमले म्हणायला तुझी जीभ झडत होती?"

चिमटी हळूच म्हणाली, "आई, सेललासुद्धा बाहेर काढून..."

"मला सेल म्हणशील तर याद राख."

चिमटीने विचारलं, "दुपारची बाई बघू? दोन तासांपुरती?"

सगळा गोतावळा धाकटीच्या डोळ्यांपुढे उभा राहिला, एकेकाचं तोंड. मग तिने पायांकडे पाहिलं. घोट्यापाशी सूज आली होती, चपलेचा पट्टा रुतला होता.

"बघ," ती म्हणाली. "पण माझ्या ओट्याला तिने हात लावायचा नाही. आणि लोकांना सांगायचं, जाऊबाईंना हवी होती."

"सांगा," थोरली म्हणाली. "माझं नाव तसंही खराबच आहे."

टॉर्चचा सेल चिमटीने पिशवीत घातला. असले सेल केरात टाकायचे नसतात, दुकानात परत न्यायचे असतात. बुरशी खरवडून तिने डबी लावली आणि ती गेली.

बाई मिळेपर्यंत चार दिवस जाणार होते. दोन वाजले तशी धाकटी बेडपॅन घेऊन आत आली. थोरलीचं सगळं आटपलं, पाणी हाताशी ठेवलं, खिडकी अर्धी लावली. मग कमरेची डबी काढून थोरलीच्या देखत उघडली, लाल ठिपक्यांचे दोन्ही सेल काढले आणि तिथेच स्टुलावर चार्जरला लावले. दोन लाल दिवे लागले.

"चारपर्यंत मी नाही," ती म्हणाली. "काही लागलं तर?"

"पेल्यावर चमचा आपटेन. जा आता."

धाकटी दाराशी पोचली, तर मागून आवाज आला.

"आणि कुशीवर झोप. उताणी झोपलीस की फार घोरतेस. मला डोळा लागत नाही."

"कान बंद करा," धाकटी म्हणाली आणि भिंतीला धरत धरत आपल्या खोलीकडे गेली.